अंजनाबाईंच्या बरडावरचा बेसबॉल

खरं सांगा, शेजारच्या गावात काही चांगलं झालं की तुमच्या पोटात दुखतं की नाही? लाजू नका, हो म्हणा. माझ्या दुखतं. महिना झाला, अजून थांबलेलं नाही. केनवडचं नाव कोणी काढलं की तोंडातला घास फिरतो.

केनवडात यंदा बेसबॉलचा कॅम्प झाला. राज्याच्या स्पर्धेआधी आपल्या विभागाच्या पोरापोरींचा सराव घेतात ना, तो. माघ सरता सरता पोरं येतात, हरभरा निघेपर्यंत राहतात, धावतात, पडतात, गुडघे फोडून घेतात आणि मग स्पर्धेला जातात. आता केनवडवाले चहाच्या टपरीवर सांगतात की कॅम्प घ्यावा तर केनवडनंच. माझ्या कानांनी ऐकलं. तिथंच उभं राहून सुनावलं आणि चहा तसाच टाकून निघाले. पण टपरीवरचं बोलणं टपरीवरच राहतं, म्हणून लिहायला बसले. शाळा माझी सातवीत सुटली. पुढचं लिहिणं-वाचणं तहसीलवर निवेदनं देता देता झालं. शुद्धलेखनाच्या चुका काढायच्या तर काढा, पण मुद्दा खोडून दाखवा.

मुद्दा असा की हा कॅम्प मालेगावचा, आमच्या वाशिमकडच्या. आणि मालेगावचा म्हणजे ना नगरपंचायतीचा, ना कुठल्या शाळेचा. अंजनाबाई नावाच्या एका माळणीच्या शेतातल्या बरडाचा.

वाशिम रोडवरून आत वळलं की अंजनाबाई आणि त्यांचे यजमान जगदेवभाऊ यांचं शेत लागतं. काळी जमीन, विहिरीला पाणी. वांगी, फुलकोबी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, काही ना काही सदा उभं असतं. फक्त एका अंगाला, डोक्यावर टक्कल पडावं तसा मुरमाड तुकडा, तेच हे बरड. तिथं कुसळाशिवाय काही उगवलेलं कोणी पाहिलं नव्हतं. जगदेवभाऊ त्याला बापानं ठेवलेली शिक्षा म्हणायचे.

आमच्याकडे एक बाबूसिंग सर आहेत, तांड्यावरचे, खेळाचे शिक्षक. अमरावतीला शिकत असताना हा खेळ त्यांच्या अंगात भिनला. चार कोपऱ्यांना चार बेस, बॅट गोल, बॉल हातानं फेकायचा आणि टोलवून जिवाच्या आकांतानं धावायचं. सरांनी विभागाचा सराव मालेगावला आणला खरा, पण तो नेमका दहावी-बारावीच्या परीक्षेत पडायचा. परीक्षा म्हटली की शाळेच्या आवारात चिमणीसुद्धा बसू देत नाहीत. सर पोरं घेऊन गावभर मैदान शोधत फिरले आणि अंजनाबाईंच्या बरडावर येऊन थांबले. जगदेवभाऊंना विचारलं. ते म्हणाले, न्या, उचलूनच न्या.

पहिल्या दिवशी अंजनाबाई कोबी तोडून आल्या तर बरडाच्या मधोमध मातीचा ढीग. बेसबॉलमध्ये बॉल फेकणारा पिचर थोड्या उंचावर उभा राहतो, त्याच्यासाठी सरांनी तो रचून घेतला होता. अंजनाबाईंनी डोक्यावरची पाटीसुद्धा खाली ठेवली नाही. सरळ विचारलं, "सर, कोनाले पुरलं इथं?"

सरांनी समजावलं. पण तो ढीग दुपारपर्यंत ढासळला. पोरीनं बॉल फेकताना पाय रोवला की माती सुटायची आणि धूळ तिच्याच डोळ्यांत जायची. अंजनाबाई बांधावर बसून मेथीच्या जुड्या बांधत बघत होत्या. दुसऱ्या दिवशी उजाडताच शेण-माती कालवली आणि तो ढीग अंगणासारखा सारवून टाकला. सर आले तर म्हणाल्या, वाळेपर्यंत पाय ठेवाल तर याद राखा. विभागाचे निवडक खेळाडू हातात ग्लोव्ह घालून, सारवण वाळायची वाट बघत बांधावर रांगेत बसले. असा सराव जगात दुसरीकडे कुठं झाला असेल तर मला कळवा.

तिथून ती रीतच पडली. कॅम्पभर रोज सकाळी ओटा सारवायचा आणि बेसच्या रेषा रांगोळीनं ओढायच्या. पोरं त्या ढिगाला ओटाच म्हणायला लागली आणि अंजनाबाईंना माय. खेळ त्यांना कधीच धड कळला नाही. जी पोरगी धावेल ती आपली, मग ती कुठल्याही बाजूची असो. आऊट झालेलीला बोलावून काकडी द्यायच्या आणि आऊट करणारीकडे बघायच्यासुद्धा नाहीत. सरांनी नियम सांगून पाहिला, मग नाद सोडला.

जवळच्या तांड्यावरची रीता त्यांची फार लाडकी. लांब हाताची, अबोल पोरगी. ती त्या ओट्यावरूनच पिचर झाली, राज्याच्या संघात गेली. जायच्या दिवशी बस सोडून आधी शेतात आली आणि ओट्याला हात लावून गेली. मला काय वाटलं सांगू? मी या गावात पोरींच्या शाळेच्या संडासासाठी उपोषणाला बसले, बसथांब्यासाठी रस्ता अडवला, दोनदा पोलीस स्टेशनात बसून आले. मला कोणी माय म्हटलं नाही. सुकेशनीताई आली, आता भांडण होणार, एवढंच म्हणतात. अंजनाबाईंनी फक्त शेण कालवलं होतं. जळलं माझं, खोटं कशाला बोलू?

असो. विषय त्यांचा आहे.

अंजनाबाईंची धाकटी बहीण साधना केनवडला दिलेली. कॅम्प आला की ती दरवर्षी ताईच्या मदतीला यायची. भाकरी थापायला, भाजी चिरायला, आणि शेवटी शेवटी ओटा सारवायलाही. हाताला चपळ, तोंडाला गोड, आणि डोळ्यांनी सगळं टिपणारी. सरांना विचारायची, रेषा इतक्याच लांब का, ओटा इतकाच उंच का. आम्हाला वाटायचं, चौकस आहे बिचारी. तिचा नवरा गावात चार लोकांत ऊठबस असलेला. गेल्या दिवाळीत भाऊबीजेला दोघी बहिणी माहेरी भेटल्या तेव्हा साधनानं सांगितलं की केनवडात लोकांनी मिळून मैदान केलं. टिपरनं मुरूम आणला, रोलर फिरवला, नळ घेतला, जाळी लावली, आणि बाबूसिंग सरांनाही कळवलं.

अंजनाबाईंनी ओवाळणीचं ताट तसंच खाली ठेवलं म्हणे. त्या दिवसापासून साधनाचा फोन वाजला की फोन पालथा. बाजारात केनवडचं गिऱ्हाईक आलं तर मेथी द्यायच्या, पण वर ऐकवायच्या की तुमच्याकडे तर सगळंच हाये म्हनते, मेथी नाई का लावली मैदानात. एकदा एका म्हाताऱ्याला असं बोलल्या. तो बिचारा केनवडचा नव्हताच, अनसिंगचा होता, लेकीकडे आला होता. तरी त्यांनी शब्द मागे घेतला नाही.

सरांनी मात्र लगेच हो म्हटलं नाही. माणूस भिडस्त. संक्रांत झाल्यावर दोन्ही मैदानं बघतो, पोरींना खेळवून बघतो आणि जे चांगलं असेल तिथं कॅम्प, असं त्यांनी दोन्हीकडे सांगितलं. म्हणजे अंजनाबाईंच्या हातात थोडे दिवस होते. त्या मला म्हणाल्या की आधी केनवड दाखवून आण. स्कुटीवर मागे बसून आल्या. रस्ताभर एक शब्द नाही, फक्त खड्डा आला की, "हा बी तिचाच असन."

केनवडचं मैदान वाईट असावं अशी माझी फार इच्छा होती. ते वाईट नव्हतं. लाल मुरूम ताटासारखा सपाट, कडेला कडुनिंबाची सावली, नळाला पाणी. अंजनाबाई नळ सोडून बघत होत्या, जाळी ओढून बघत होत्या, पायानं मुरूम उकरून बघत होत्या. मीही बघत होते. दोघींनी मिळून एक खोट काढता आली नाही. मग त्या ओट्यापाशी गेल्या. ओटा सारवलेला होता. बोटांचे अर्धगोल एकात एक, कडा दाबून बसवलेल्या, थेट त्यांच्याच हातचा वाटावा असा. त्या खाली वाकल्या आणि तशाच राहिल्या.

साधना चहा घेऊन आली. म्हणाली, "ताई, तुह्याच हाताखाली शिकली ना मी. नाव तं तुहंच होते."

अंजनाबाई म्हणाल्या, "नाव मले नोको. पोरी पाहिजेत मह्या."

चहा त्यांनी घेतला नाही. साधना खूप वेळ कप धरून उभी होती. वाईट दिसत होतं, पण मीही घेतला नाही. आमच्यातलं कोणी ऐन वेळी फितूर झालं असं नको.

परत येताना केनवड मागे पडलं आणि त्या बोलायला लागल्या. आपलं बरड आपण कधी नटवलंच नाही म्हणाल्या. फुकटची जागा म्हणून तसंच खेळू दिलं. लोक परक्या गावातून मुरूम आणतात आणि आपण आपल्या पोरींना टकलावर पळवतो. आता असं करायचं की सरांनी केनवडकडे मान वळवून बघितलं नाही पाहिजे. त्यांचा आवाज ऐकून मला बरं वाटलं. भांडणाला उभं राहणारं माणूस मला नेहमीच आवडतं.

आता नीट ऐका, कारण इथंच सगळं फिरलं. भाजीपाला पिकवणाऱ्या माणसाला एखाद्या जागेचा मान करायचा असला तर तो काय करतो? चांगली माती आणून टाकतो. त्याच्याकडे त्याहून मोठं काही नसतं. अंजनाबाईंनी जगदेवभाऊंना सांगितलं की तलावातला गाळ आणा. त्या गाळासाठी शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रांगा लावतात. काळा, मऊ, लोण्यासारखा. जगदेवभाऊ तर किती वर्षं मागे लागले होते की बरडावर गाळ टाकू, दोन भाज्या येतील. तेव्हा याच बाई आडव्या यायच्या की पोरी खेळतील कुठं. आता त्याच गाळ आणा म्हणतात. भाऊंनी कारण विचारलं नाही. बायकोचं मन बदलायच्या आत ट्रॅक्टर सांगून आले.

ट्रॉल्यांवर ट्रॉल्या आल्या. चांगला हातभर थर बसला. शेजारच्या बाया आल्या, मीही आले, घमेली उचलली. ढेकळं फोडली, पाणी शिंपडलं, लाकडी ओंडका फिरवला. त्यावर ओटा नव्यानं रचला, तोही गाळाचाच. सारवून झाल्यावर अंजनाबाईंनी रांगोळीच्या रेषा ओढल्या. काळ्यावर पांढरं असं उठून दिसलं की जाणारे-येणारे मोटारसायकल थांबवून बघायला लागले. काय माती, काय माती, म्हणायला लागले. सगळे शेतकरी. मातीच बघत होते, मैदान कोणीच बघत नव्हतं.

सर यायला अजून काही दिवस होते. ऊन चढायला लागलं. आधी एक बारीक रेघ दिसली, ओट्याच्या पायथ्याशी. अंजनाबाईंनी ती लिंपली. सकाळी तिथं दोन होत्या. मग काळ्या मातीनं उन्हात जे करायचं ते केलं, जागोजागी तोंड उघडलं. भेगा बुजाव्या म्हणून त्यांनी पाणी सोडलं. पाणी पिऊन गाळ फुगला, आणि त्यात तलावातून आलेलं कसलं कसलं बी होतं ते उगवलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे हिरवं लुसलुशीत. जगदेवभाऊ त्यातलं एक रोपटं बघून म्हणाले, टरबूज आहे वाटतं. आवाजात आनंद होता. बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते मोटार बंद करायच्या निमित्तानं विहिरीकडे गेले.

सर आले ते रीताला आणि आणखी तीन-चार पोरींना घेऊन. सरांनी बेसजवळून बॉल जमिनीवर टोलवला. जुन्या बरडावर असता तर तो सरपटत गेला असता. इथं कणकेत बोट रुतावं तसा रुतून बसला. दुसरा टोलवला, तो भेगेच्या कडेला लागून पोरीच्या तोंडावर उडाला. तिनं कसाबसा चुकवला. रीता ओट्यावर चढली. हात मागे नेला, पाय रोवला, आणि तिची टाच ओट्यात घोट्यापर्यंत गेली. ती पडली नाही, पण तिनं पाय काढला तेव्हा बूट आतच राहिला. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

सर खाली बसले, मातीची मूठ उचलली, चोळली, वास घेतला. शेवटी तेही शेतकऱ्याचंच पोरगं. म्हणाले, "काकू, काय माती टाकली तुमी. ह्याच्यात काय बी येईन."

अंजनाबाई म्हणाल्या, "बॉल सोडून."

सर बॉल गोळा करून निघाले. जाताना माझ्यापाशी थांबले आणि हळूच म्हणाले की पोरींचे पाय मोडले तर मी कोणाला तोंड दाखवू. मी त्यांच्याशी भांडायला तयार होऊन उभी होते. भांडायला काही सापडेना. कॅम्प केनवडला गेला.

मी एकदा बघून आले. का गेले विचारू नका. जखमेवरची खपली काढायला जातो तशी गेले. पोरी पळत होत्या, साधना ओटा वाळेपर्यंत त्यांना हटकत होती. तेच शब्द, वाळेपर्यंत पाय ठेवाल तर याद राखा. परत आले तेव्हा अंजनाबाई बांधावर मेथी निवडत बसल्या होत्या. कॅम्प कसा आहे, गर्दी किती, जेवण कसं, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. फक्त विचारलं, "रीता तिले काय म्हनते?"

मी म्हटलं, "माय म्हनते."

त्यांनी जुडी इतकी आवळली की काड्या तुटून मांडीवर पडल्या. मग दुसरी घेतली.

आता राहिला प्रश्न त्या बरडाचा. जगदेवभाऊंचं म्हणणं सरळ आहे. कॅम्प गेला, माती आली, आता तिथं गवार लावू, भेंडी लावू. इतकी वर्षं रिकामी ठेवली, आता सोन्यासारखी झाली आहे. घरात दोघांचं यावरून रोज वाजतं. अंजनाबाई म्हणतात की एकदा बी पडलं की मैदान गेलं. पीक उभं राहिलं की नांगर येतो, मग सरी, मग ठिबक, आणि मग कोणाला आठवणार की इथं पोरी धावत होत्या. त्या रोज सकाळी जाऊन उगवलेलं उपटतात. टरबुजाचं ते रोपटंही उपटलं. भाऊ दिवसभर जेवले नाहीत.

शेवटी भाऊंनी मुदत दिली. गुढीपाडव्यापर्यंत गाळ निघून खालचा मुरूम उघडा पडला तर ते बरडाला हात लावणार नाहीत, पुढच्या वर्षी सरांना परत बोलवा. नाही निघाला तर पाडव्याला गवार. माणूस वाईट नाही, शब्दाचा पक्का आहे. म्हणून तर भीती वाटते.

बाई रोज थोडा गाळ उचलतात. भाजी तोडून, बाजार करून, उरल्या वेळात. मी जाते, शेजारच्या दोघी येतात. पण आम्ही ट्रॉल्यांनी आणलेलं घमेल्यांनी काढतो आहोत. साधनाला कळलं तेव्हा तिनं मला फोन केला, बाईंचा तर लागतच नाही. म्हणाली, आमच्या बचत गटाच्या बाया घेऊन येते, दोन दिवसांत साफ करू. मी निरोप सांगितला. बाई फावड्यावर हात टेकून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "तिचा हात लागला तं हे बी तिचंच होईन."

तुम्ही म्हणाल, बाई हट्टी आहे. आहे. बहिणीवर जळते. जळते, माझ्यासमोर जळते, आणि मी तिला शांत हो म्हणत नाही. तिनं काही चोरलं नाही, कोणाचं काही अडवलं नाही. जे होतं ते दिलं, आणि ते जायला लागलं तेव्हा जवळची सगळ्यात चांगली माती आणून टाकली. ती जास्तच चांगली निघाली, हा काय तिचा गुन्हा?

तेव्हा वाचणाऱ्यांनो, आता तुमच्याकडे काम आहे. तुमच्या शेताला गाळ हवा असेल तर पाडव्याच्या आत मालेगावला या. वाशिम रोडवर अंजनाबाईंचं शेत विचारा, कोणीही दाखवेल. ट्रॅक्टर असेल तर ट्रॅक्टर आणा, नसेल तर फावडं आणि पोतं आणा. पाहिजे तेवढी माती भरून न्या, कोणी अडवणार नाही. फक्त खाली मुरूम लागला की थांबा, त्याला फावडं लावू नका. आणि केनवडचे असाल तरी या, पण बाईंना गाव सांगू नका.